'निर्णय' शब्दाची जुळणी

'निर्णय' हा शब्द उच्चारताना प्रथम 'न', मग 'इ', त्यानंतर 'र्' आणि 'ण' येतात. कागदावर मात्र ऱ्हस्व वेलांटी 'न'च्या आधी उभी राहते व रफार 'ण'च्या डोक्यावर चढतो. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्यात हा फेरबदल जुळाऱ्याच्या हाताला सवयीचा असे. संगणकाला तो नियमांनी शिकवावा लागतो.

डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या जुळणी-प्रणालीसाठी फ्रान्स व्हेल्थॉइस यांनी १९९१ मध्ये 'देवनाग' ही आज्ञावली रचिली. मजकूर रोमन अक्षरांत, पण उच्चारक्रमानेच लिहावयाचा. 'ण'साठी 'एन्'च्या आधी एक टिंब द्यावयाचे. मग दोन लेखी आज्ञा. पहिलीने 'देवनाग' वेलांटी व रफार यांची स्थाने बदलते. दुसरीने 'टेक' शब्दांमधील जागा वाटून ओळी पाडते व पान बांधते. टिंब विसरल्यास 'निर्नय' छापले जाते आणि यंत्र चकार शब्द काढीत नाही. मुद्रितशोधकाला सुट्टी नाही, ती यामुळे.

२००४ साली जोनाथन क्यू यांची 'झीटेक' प्रणाली आली व देवनागरी मजकूर थेट देता येऊ लागला. युनिकोडमध्येही अक्षरे उच्चारक्रमानेच साठविली जातात. त्यामुळे वेलांटीचे स्थलांतर टळले नाही, ते आता अक्षराकृती मांडणारी आज्ञावली करते.