शॉर्ट लेगचा पहारेकरी

(संघातील प्रत्येक जण नायक नसतो, पण प्रत्येकाच्या कामामुळेच संघ जिंकतो. आपले काम निष्ठेने करणाऱ्या एका क्रिकेटपटूची ओळख या पाठात करून दिली आहे.)

चाकणच्या कारखान्यातून नवी मोटार बाहेर पडते. लोक तिचा रंग पाहतात, तिच्या वेगाचे कौतुक करतात. तिचे बोल्ट घट्ट बसवणारा कामगार मात्र कोणाला दिसत नाही. पण एक बोल्ट जरी सैल राहिला, तरी गाडी धोक्यात येते.

खेळातही तसेच असते. बास्केटबॉलमध्ये बास्केट करणाऱ्याचे नाव होते. पण समोरच्या खेळाडूला अडवणारा आणि चेंडू मिळवून देणारा नसेल, तर बास्केट होणार कसे? क्रिकेटमध्ये असे काम करणारा एक खेळाडू महाराष्ट्रात होऊन गेला. त्यांचे नाव एकनाथ सोलकर.

एकनाथ यांचा जन्म १९४८ साली झाला. त्यांचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करत. सारे कुटुंब मैदानावरच एका खोलीच्या झोपडीत राहत असे. सामना असला, की लहानगा एकनाथ धावफलकावरचे आकडे बदलायचा. आकडे बदलता बदलता तो मोठ्या खेळाडूंचा खेळ पाहायचा. पुढे मेहनतीच्या जोरावर १९६९ साली ते भारताच्या कसोटी संघात आले.

त्या काळी भारताकडे बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन हे नामवंत फिरकी गोलंदाज होते. त्यांच्या चेंडूवर झेल उडे, तो फलंदाजाच्या अगदी जवळ. तेथे, शॉर्ट लेगच्या जागेवर, सोलकर वाकून उभे राहत. फलंदाज काही पावलांवर असे. डोक्यावर हेल्मेट नसे. जोरदार फटका अंगावर आला, तर मोठी दुखापत होण्याची भीती होती. तरीही सोलकर मागे हटत नसत. त्यांची नजर चेंडूवर खिळलेली असे.

१९७१ साली वेस्ट इंडिजमधील किंग्स्टनच्या कसोटीत भारताचे ५ गडी ७५ धावांत बाद झाले. तेव्हा सोलकर यांनी दिलीप सरदेसाई यांना साथ दिली. दोघांनी १३७ धावांची भर घातली. सरदेसाईंनी २१२ धावा केल्या, सोलकर यांनी ६१. द्विशतक सर्वांच्या लक्षात राहिले. पण साथीदार टिकला नसता, तर ते झाले असते का?

त्याच वर्षी लंडनच्या ओव्हल मैदानावर भारताने इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळवला. पहिल्या डावात सोलकर यांनी २८ धावांत ३ बळी घेतले आणि ४४ धावाही केल्या. ९० धावा करणारा ॲलन नॉट त्यांच्याच चेंडूवर, त्यांच्याच हाती झेल देऊन बाद झाला. दुसऱ्या डावात सोलकर यांनी पुढे झेप घेतली आणि जमिनीलगत नॉटचा झेल पुन्हा टिपला. तेव्हा नॉटची अवघी एक धाव झाली होती. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला. चंद्रशेखर यांनी ६ बळी घेतले. विजयाचे मानकरी ते ठरले. पण सोलकर यांचा वाटाही लहान नव्हता.

१९७७ पर्यंत सोलकर २७ कसोटी सामने खेळले. त्यांचे शतक एकच, बळी १८. पण झेल मात्र ५३! म्हणजे दर सामन्यात जवळजवळ दोन. २००५ साली त्यांचे निधन झाले.

मुलांनो, तुम्ही वर्गाच्या संघात खेळता, तेव्हा सर्वांनाच फलंदाजी हवी असते. जवळ उभे राहून झेल घ्यायला कोण तयार होतो? जो तयार होतो, त्याची पाठ थोपटायला विसरू नका.

शब्दार्थ
पहारेकरी – राखण करणारा
धावफलक – धावांचे आकडे दाखवणारा फळा
झेप घेणे – उडी मारणे
मानकरी – मान मिळवणारा

स्वाध्याय
१. लहानपणी एकनाथ सामन्याच्या वेळी कोणते काम करत असे?
२. शॉर्ट लेगला उभे राहणे धोक्याचे का होते?
३. लेखकाने कारखान्यातील कामगाराचे उदाहरण का दिले आहे?
४. मैदान, मेहनत, हिंमत हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.