पत्र कुणाला आलं होतं?

कल्याण, रविवार रात्र

चि. सोनूस,

आज डोंबिवलीच्या तरुण संघात तू संदेश दिलास तेव्हा मी शेवटच्या बाकावर होतो. न अडखळता बोललीस, बरं वाटलं. पण पडद्यावर भावी सुस्थितीची आशा देणारं यिर्मया 29:11 आलं आणि मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तू 'तुमच्याविषयी'चं 'तुझ्याविषयी' करून टाकलं होतंस! वर म्हणालीस, नोकरी गेलेल्यांनी हे वचन धरून ठेवा, वर्षाच्या आत दार उघडेल.

अगं, आपल्या मराठी शास्त्रात देव कुणाला अहो-जाहो करत नाही. समोर एकटा असला तर 'तू', मग तो राजा असो की मेंढपाळ. 'तुम्ही' दिसलं की समजायचं, पुढे पुष्कळ माणसं आहेत. इथे ती कोण, हे अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे: यरुशलेमेहून बाबेलला पकडून नेलेले लोक. त्यांना आलेलं यिर्मयाचं हे पत्र. घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्यात सांगितलंय. तुझ्या वचनाच्या लगेच वर, दहाव्यात, मुदतही आहे: 70 वर्षं. म्हणजे ते पत्र ऐकणारे बहुतेक बाप्ये-बाया बाबेलातच मातीत जाणार होते. आशा खरी, पण ती साऱ्या लोकांची, नातवंडांपर्यंत पोचणारी.

त्याच्या आधीचा अध्याय वाच. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या सत्तेची खूण असलेलं जू काढून मोडतो आणि सांगतो, दोन वर्षांत सारं परत येईल. लोकांना तोच आवडला असणार. आज तू वचन यिर्मयाचं घेतलंस आणि संदेश हनन्याचा दिलास.

रागावू नकोस, मीही हेच केलंय. वागळे इस्टेटमधली एक कंपनी बंद पडली तेव्हा तिथल्या एका कामगाराच्या घरी हेच वचन वाचून, 'लवकरच होईल बघा' म्हणून चहा पिऊन आलो. पुढे तीन वर्षं त्यानं रिक्षा चालवली. ठाणे स्टेशनबाहेर मी दिसलो की मान वळवायचा. त्याच्यापाशी बसून मी पाचवं वचन वाचायला हवं होतं, घर बांधा, मळे लावा म्हणणारं. तेव्हा ते माझ्या डोळ्यांत भरलंच नव्हतं.

वचनांच्या आकड्यांमुळेही आपली फसगत होते. नव्या करारातले आजचे आकडे रोबेर एस्तिएन या मुद्रकानं 1551 साली घातले. पौलानं फिलिप्पैकरांना लिहिलं ते सलग पत्र. जिमच्या बनियनवर छापतात ते 'मी सर्व काही करू शकतो' म्हणणारं त्यातलं 4:13 घे. ते तुरुंगातल्या माणसाचं आहे, आणि आदल्याच ओळीत तो उपाशी राहायलाही शिकलोय म्हणतो. म्हणून आकडे झाकून वाचत जा. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनचा एवढा संसार सांभाळत हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. 1922 मध्ये त्या गेल्या, ग्रंथ 1924 साली निघाला. एकेका शब्दापाशी बाई किती थांबली असेल! आणि आपण मोबाईलवर दोन सेकंदांत 'तुमच्या'चं 'तुझ्या' करतो.

पुढच्या रविवारी हाच अध्याय पहिल्या वचनापासून घे. त्याआधी एक काम कर. माझ्या शेजारी निळ्या शर्टातला मुलगा बसला होता, गेल्या महिन्यात नोकरी सुटलेला. त्यानं वहीत 'एक वर्ष' लिहून खाली दोनदा रेघ मारलीय. त्याला उद्याच फोन कर.

तुझा मामा