ओवा आणि काळं मीठ

सातारा

चि. बाळू यास,


परवा फोनवर सहज बोलून गेलास, "आत्या, जिना चढताना छातीत भरून येतं, थांबलं की बरं वाटतं. गॅस असेल." रात्रभर माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

दादा गेला तेव्हा तू चौथीत. तुला कुणी धड सांगितलं नाही. गौरीजेवणाची रात्र होती. छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाला, अंगाला दरदरून घाम. मीच ओवा आणि काळं मीठ दिलं. मग सोडा आणला, पाठ चोळली. पहाटे चारला रिक्षा शोधायला माणूस धाडला. हृदयाची रक्तवाहिनी तुंबली की स्नायू मिनिटामिनिटाला मरत जातो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असो की अँजिओप्लास्टी, जितक्या लवकर तितका स्नायू वाचतो, हे मला मागाहून कळलं. दादा 46 वर्षांचा होता. बापाला पंचावन्नच्या आत झटका आला की मुलालाही धोका जास्त, म्हणून 'मी अजून तरुण' हे मला सांगू नकोस.

मला झटका आला तेव्हा तर छातीत दुखलंच नाही. जबडा ठणकत होता, मळमळत होतं, दम लागत होता. मी दाढेत लवंग धरून बसले! मधुमेह्यांत आणि बायकांत हे असं फसवं येतं म्हणे. सूनबाईने 108 ला फोन लावला, म्हणून आज हे पत्र.

तर उद्याच डॉक्टरांकडे जा. चढताना भरून येणं नि थांबल्यावर ओसरणं हे त्यांना जसंच्या तसं सांग. नुसता ईसीजी चांगला आला म्हणून परत फिरू नकोस, पुढची तपासणी काय ते विचार. साखर, कोलेस्टेरॉल, बीपी बघून घे. दादाचं बीपी कुणी कधी मोजलंच नव्हतं. आणि बसल्या जागी असं झालं, किंवा थांबूनही ओसरलं नाही, तर बाईकला किक मारायची नाही. 108 लावायचा.

तंबाखू मळतोस ते मला ठाऊक आहे. तुझ्या आईला सांगितलेलं नाही. सोडलीस तर सांगणारही नाही.

रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाक. घरात ओवा असेल तर भज्यांत घाल.

तुझी,
आत्या