पाळीव सशांची भांडणे

इयत्ता ४ थी

ससा हा सर्वांना आवडणारा प्राणी आहे. त्याचे कान लांब असतात व अंग कापसासारखे मऊ असते. तो गवत, पाला व भाजी खातो. तो ओरडत नाही म्हणून लोक त्याला गरीब समजतात. गोष्टींमधला ससा एक तर भित्रा असतो नाहीतर हुशार असतो. भांडकुदळ ससा मी एकाही गोष्टीत वाचलेला नाही. पण मित्रांनो, एका पिंजऱ्यातले दोन ससे एकमेकांचा कान फाडतात. ते आमच्या घरी झाले. म्हणून ज्यांच्या घरी ससे आहेत किंवा जे आणणार आहेत, त्यांनी व त्यांच्या पालकांनी हे जरूर वाचावे.

आपल्या माळावर दिसतो तो रानससा वेगळा व पाळीव ससा वेगळा. रानससा बीळ करत नाही. तो गवतात खोलगट जागा करून एकटाच बसतो. त्याची पिल्ले जन्मतात तेव्हा अंगावर केस असतात व डोळे उघडे असतात. पाळीव सशाची पिल्ले उघडी व आंधळी जन्मतात. त्यांचे डोळे दहा-बारा दिवसांनी उघडतात. (रानससा पकडायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे बंदी आहे. काही मुले गलोल घेऊन जातात, त्यांनी हे लक्षात ठेवावे.)

पाळीव सशाचे पूर्वज स्पेन व पोर्तुगाल या देशांतले. ते जमिनीत बिळे करून टोळीने राहतात. टोळीत नरांमध्ये एक मोठा व बाकीचे त्याच्या खालचे असे ठरलेले असते. माद्यांमध्येही तसेच. आपल्या गोठ्यात नवीन म्हैस आली की जुन्या म्हशी तिला ढुशी देतात, आणि दोन दिवसांनी कोण पुढे पाणी पिणार ते ठरून जाते, तसेच हे. सशाच्या हनुवटीखाली वासाची गाठ असते. तो हनुवटी दगडाला, गव्हाणीला, सगळ्याला घासत जातो. म्हणजे "ही जागा माझी" असे तो लिहून ठेवतो. मोकळ्या रानात हरलेला ससा पळून जातो व भांडण मिटते. पिंजऱ्यात पळायला जागाच नसते. तो हरला तरी समोरच राहतो, म्हणून जिंकलेला त्याला पुन्हा मारतो. मला वाटते खरी गोम इथेच आहे.

आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत आठवडी बाजारातून दोन पिल्ले आणली. एक पांढरे, त्याचे नाव कापूस. दुसरे काळपट, त्याचे नाव आज्जीने बुक्का ठेवले. विकणारा म्हणाला की जोडी आहे, नर-मादी. लहानपणी सशाचा नर कोणता व मादी कोणती हे पटकन ओळखू येत नाही. दोन महिने ते एकमेकांच्या अंगावर झोपायचे. ससे साधारण तीन ते सहा महिन्यांत वयात येतात. संक्रांतीच्या आधी बुक्का कापसाच्या मागे धावू लागला व त्याच्या पाठीवर चढू लागला. पिंजऱ्यात केसांचे पुंजके दिसू लागले. आज्जी म्हणाली, "सश्यांची कसली भांडणं! मांजर आलं आसंल." मग एके सकाळी कापसाचा कान फाटलेला होता.

आण्णांनी दोघांना तालुक्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेले. मी पण गेले होते. डॉक्टरांनी दोघांना उलटे धरून पाहिले व म्हणाले, दोन्ही नर आहेत. वयात आलेले दोन नर एका पिंजऱ्यात नांदणे फार कठीण. दोन माद्यांची भांडणेही होतात, मादी गाभण असेल तर जास्तच. आणि नर-मादी ठेवली तर दर महिन्याला पिल्ले, कारण ससा एकतीस दिवसांत विते व त्याच दिवशी परत गाभण राहू शकते. म्हणजे कसेही ठेवले तरी विचार करावाच लागतो.

घरी आल्यावर आण्णा म्हणाले, एक ससा बाजारात देऊन टाकू. बाजारात दिलेला ससा कुठे जातो हे मी इथे लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ जेवलाच नाही. मग आण्णा म्हणाले, "बरं, पाडव्यापर्यंत बघू."

आता भांडण कसे ओळखावे ते सांगते. थोडे मागे धावणे, पाठीवर चढणे, एखादा पुंजका केस निघणे ही नेहमीची ओढाताण असते. पण कान पाठीला चिकटवून व शेपूट वर करून ससा घुरघुरला, तर सावध व्हावे. दोघे एकमेकांच्या शेपटीकडे तोंड करून गोल फिरू लागले, म्हणजे खरी मारामारी सुरू झाली. ते दातांनी धरून मागच्या पायांच्या नखांनी पोट ओरबाडतात. अशा वेळी मध्ये हात घालू नये. माझ्या चुलतभावाने घातला, तर त्याच्या बोटाला चावा बसला. मध्ये सूप घालावे किंवा वरून पोते टाकावे. आम्ही सूप वापरतो. पाणी ओतू नये, ससा घाबरून दगावू शकतो. कान धरून उचलू नये. एक हात छातीखाली व एक हात ढुंगणाखाली द्यावा.

सशाचा चावा वरून बारीक दिसतो पण आत खोल असतो. वरचे भोक बुजते व आत पू होतो. तो पू पातळ नसतो, चक्क्यासारखा घट्ट असतो. म्हणून दोघांचे केस बाजूला करून सगळे अंग पाहावे, पोटाखाली पण. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने जखम धुवावी, माशी बसू देऊ नये व डॉक्टरांना दाखवावे. घरात पडलेली माणसांची गोळी देऊ नये. पेनिसिलीनच्या जातीचे औषध पोटात गेले तर सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात व ससाही मरतो. हे डॉक्टरांनी आण्णांना दोनदा सांगितले.

मग आण्णांनी पिंजऱ्याच्या मध्ये जाळी लावली. जाळी एक चालत नाही, कारण ससे त्यातून नाक चावतात. दोन जाळ्या, मध्ये चार बोटे जागा. दोन्हीकडे वेगळी गव्हाणी, वेगळे पाणी. एक दिवसाआड आम्ही बुक्क्याला कापसाच्या बाजूला व कापसाला बुक्क्याच्या बाजूला ठेवायचो. खालचे गवत बदलायचे नाही. म्हणजे दुसऱ्याच्या वासात झोपायची सवय होते. पहिले आठ दिवस दोघे जाळीवर उड्या मारत होते. नंतर जाळीजवळच चारा ठेवला, तेव्हा दोघे समोरासमोर लसूणघास खाऊ लागले.

डॉक्टरांनी आणखी एक उपाय सांगितला होता. बैलाला खच्ची करतात तसे सशालाही करतात, त्याने नराचा राग पुष्कळ कमी होतो. पण बैलाचा चिमटा सशाला चालत नाही. भूल देऊन शस्त्रक्रिया करावी लागते, व ती सशांची माहिती असणाऱ्या डॉक्टरांकडूनच करावी. कांद्याची पट्टी आली तेव्हा आण्णा दोघांना जिल्ह्याच्या गावी घेऊन गेले. आपल्याला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवतात, सशाला ठेवत नाहीत. कारण सशाला उलटी होतच नाही, आणि त्याचे पोट रिकामे राहिले तर आतडे बंद पडते. घरी आल्यावर कापसाने लगेच कोथिंबीर खाल्ली. बुक्का संध्याकाळपर्यंत रुसून बसला होता.

शस्त्रक्रिया झाली म्हणजे लगेच एकत्र सोडायचे नाही. अंगातला जोर उतरायला महिना-दीड महिना जातो. तेवढ्या काळात मादीजवळ सोडले तर पिल्ले पण होऊ शकतात. आम्ही तेवढे दिवस थांबलो.

नंतर दोघांना अशा जागी भेटवायचे, जिथे आधी कोणीच गेलेले नाही व कोणाची हनुवटी घासलेली नाही. आमच्या घरात अशी जागा उरली नव्हती. म्हणून आम्ही शेजारच्या काकूंची न्हाणी मागितली. फरशी घसरू नये म्हणून खाली पोती टाकली. एक खोके ठेवले, त्याला दोन्हीकडून भोक पाडले, कारण एकच भोक असले तर आत शिरलेला ससा कोंडला जातो. हिरवा पाला एका जागी न ठेवता सगळीकडे पसरला. आई सूप घेऊन दारात बसली. पहिल्या दिवशी दहा मिनिटे सोडले. दोघांनी दोन कोपरे धरले व एकमेकांकडे पाठ केली. मला वाईट वाटले. पण आई म्हणाली, मारामारी झाली नाही हेच पुष्कळ. रोज थोडा थोडा वेळ वाढवला. मध्ये एकदा बुक्क्याने केस उपटले, तेव्हा परत दहा मिनिटांवर आलो.

पाडव्याच्या दिवशी आण्णा न्हाणीत येऊन उभे राहिले. कापसाने डोके खाली करून बुक्क्याच्या तोंडापुढे नेले. ससा असे करतो म्हणजे "मला चाट" असे म्हणतो. बुक्का बराच वेळ तसाच बसला. मग त्याने कापसाचे कपाळ चाटले, फाटक्या कानाजवळ. आण्णा काही बोलले नाहीत व बाजाराची गोष्टही पुन्हा निघाली नाही.

आता पिंजरा मिठाच्या पाण्याने धुऊन, पाट व गव्हाण्या उलट्यासुलट्या लावून दोघांना दिवसा एकत्र ठेवतो. उन्हाळा आहे म्हणून पिंजऱ्यावर ओले पोते असते. रात्री मात्र अजून मध्ये जाळी लावतो. डॉक्टर म्हणाले, आणखी पंधरा दिवस भांडण झाले नाही तर जाळी काढा. कोणाला बघायचे असेल तर शाळा सुटल्यावर आमच्या घरी यावे, पण येताना कुत्रे आणू नये.