मोटार तापते? आधी कारण शोधा

चिखली-मेहकर भागात हरभऱ्याचे घाटे भरत असताना विहिरीवरील मोटार जळाली, तर वाइंडिंगचा खर्च होतोच, शिवाय ओलिताची पाळी चुकते. मोटार एकाएकी जळत नाही. आधी ती तापते, स्टार्टरचा रिले वारंवार पडतो. अशा वेळी रिलेची सेटिंग वाढवू नये. प्रवाह २० टक्के वाढला तर वाइंडिंगमधील उष्णता ४४ टक्क्यांनी वाढते. म्हणून पुढील क्रमाने कारण शोधावे. विजेचे मोजमाप वायरमनकडूनच करून घ्यावे.

१) व्होल्टेज : मोटार चालू असताना तिन्ही फेजमधील व्होल्टेज सारखे व ४१५ च्या आसपास असावे. फार कमी असल्यास मोटार चालवू नये. एक फेज गेला तरी चालू मोटार घुमत राहते व जळते. सिंगल फेज प्रिव्हेंटर काढून टाकू नये.

२) ॲम्पियर : नेमप्लेटवरील आकड्याशी ताडून पाहावे. ५ अश्वशक्तीच्या मोटारीस सुमारे ७.५ ॲम्पियर लागतात.

३) पाण्याची पातळी : विहीर भरलेली असल्यास सेंट्रिफ्युगल पंप जास्त पाणी फेकतो व मोटारीवरील भार वाढतो. डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा बंद करावा. ॲम्पियर उतरले, तर कारण सापडले.

४) बेअरिंग व पंखा : मेन स्विच बंद करून शाफ्ट हाताने फिरवावा. जड फिरल्यास बेअरिंग किंवा जास्त आवळलेली ग्लँड तपासावी. पंख्याच्या जाळीतील कचरा काढावा.

कारण दूर झाल्यावरच मोटार पुन्हा सुरू करावी.