पावसाळ्यातील कासदाह आणि कासेची उपजत संरक्षणव्यवस्था

पावसाळा लागला की गोठ्यातील जमीन वाळत नाही, शेणमुताचा चिखल साचतो आणि त्या ओलीत वाढलेले जिवाणू सडाच्या छिद्रातून कासेत शिरून कासदाह, म्हणजे ग्रामीण भागात ज्याला ‘दगडी’ म्हणतात तो रोग, उत्पन्न करतात. तरीही जिवाणू शिरला की रोग झालाच असे घडत नाही, कारण कासेच्या अस्तरातील पेशी आणि रक्तातील पांढऱ्या पेशी सूक्ष्मजीवरोधी पेप्टाइडे, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहान साखळ्या, तयार करतात. या विषयाच्या अभ्यासात गाईचा वाटा मोठा आहे: 1991मध्ये तिच्या श्वासनलिकेच्या अस्तरातून 38 अमिनो आम्लांचे असे एक पेप्टाइड वेगळे करण्यात आले, तर 1995मध्ये तिच्या जिभेतून मिळालेल्या दुसऱ्या पेप्टाइडाचे प्रमाण जखमेभोवती वाढलेले दिसले, आणि पुढे तेच कासदाह झालेल्या कासेतही आढळले.

या साखळ्यांवर धन विद्युतभार असतो व जिवाणूच्या पटलाचा पृष्ठभाग ऋणभारित असतो, त्यामुळे त्या पटलाला चिकटतात, त्यात घुसून ते सच्छिद्र करतात आणि जिवाणूतील द्रव्ये बाहेर झिरपून तो मरतो; गाईच्या स्वतःच्या पेशींचे बाह्य पटल मात्र जवळजवळ भाररहित आणि कोलेस्टेरॉलयुक्त असल्याने बहुतांशी बचावते. ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या आवरणात एक विष असते, ज्याच्या चाहुलीने पांढऱ्या पेशी संदेशवाहक प्रथिनांचा भडिमार करतात व कास तापून सुजते. काही पेप्टाइडे या विषालाच बांधून ठेवतात आणि दाह आवरतात. मात्र त्यांतली काही पांढऱ्या पेशींना संसर्गाच्या जागी बोलावतातही, म्हणून त्यांना निव्वळ दाहशामक म्हणणे अपुरे ठरेल.

ही व्यवस्था चिवट असली तरी चिखलातून सतत होणाऱ्या माऱ्यापुढे ती थकते, आणि पशुपालकाचे खरे काम तो मारा कमी करण्याचे आहे. धार काढल्यावर सडाचे छिद्र साधारण अर्धा ते एक तास पुरते मिटलेले नसते, म्हणून सड आयोडीनच्या सौम्य द्रावणात बुडवून लगेच पुढ्यात वैरण टाकावी, म्हणजे जनावर तेवढा वेळ उभे राहील. धारेपूर्वी सड धुऊन प्रत्येक जनावरासाठी वेगळ्या, कोरड्या फडक्याने पुसावेत आणि पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात काढून गुठळ्या पाहाव्यात. घरात उरलेली प्रतिजैविकाची ट्यूब अंदाजाने सोडणे हा घातक प्रकार आहे. अपुऱ्या मात्रेतून वाचलेले जिवाणू पुढे औषधाला जुमानत नाहीत, आणि लेबलवरील मुदत संपेपर्यंत त्या जनावराचे दूध डेअरीला घालता येत नाही. गुठळ्या किंवा सूज दिसलेल्या जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावे.