वाचकांचे प्रश्न : बोडीतले मासे आणि धर्मादायाचा जमाखर्च

प्रश्न : आमची संस्था भंडारा जिल्ह्यातील एका गावी अनाथ व निराधार मुलांचे बालगृह चालविते, आज तेथे बावीस मुले आहेत. संस्थेच्या मालकीच्या धानाच्या बांध्यांलगत सुमारे अर्ध्या एकराची जुनी बोडी आहे. नागपूरच्या एका सद्गृहस्थांनी कैलासवासी वडिलांच्या स्मरणार्थ तीन लाख रुपये देऊ केले असून, त्यांतून बोडी खोल करून मासे पाळावेत आणि त्या उत्पन्नावर मुलांच्या अन्नवस्त्राचा खर्च भागावा, अशी त्यांची इच्छा आहे. आमचे एक विश्वस्त म्हणतात, धर्मादाय संस्थेने धंदा करणे बेकायदा. दुसरे म्हणतात, मत्स्यव्यवसायाला सरकारने कृषीचा दर्जा दिल्यामुळे कराचा प्रश्नच उरला नाही. देणगीदारांचे अमेरिकेत स्थायिक झालेले पुतणेही दोन लाख धाडावयास तयार आहेत. मोठी मुले सकाळ-संध्याकाळ खाद्य टाकतील, म्हणजे मजुरीही वाचेल. आपले मत कळवावे.
— एक विश्वस्त, जि. भंडारा

उत्तर : आपले दोन्ही विश्वस्त चुकत आहेत, मात्र पहिल्यांची चूक सावधपणाची आहे आणि दुसऱ्यांची महागात पडणारी.

धर्मादाय संस्थेने उदीम करूच नये असे कायद्याने कधी म्हटले नाही. त्या उदीमाचा संस्थेच्या हेतूशी संबंध काय आणि त्याची वही निराळी ठेवली आहे की नाही, एवढेच तो विचारतो. 1961 च्या प्राप्तिकर अधिनियमाच्या कलम 11(4अ) मध्ये याच दोन अटी होत्या, आणि 1 एप्रिल 2026 पासून अंमलात आलेल्या 2025 च्या अधिनियमात कलमांचे क्रमांक पालटले तरी तत्त्व तेच राहिले आहे. ‘दिना तंती’ हे तमिळ वर्तमानपत्र ज्याच्या मालकीचे होते त्या न्यासाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2001 साली, धंद्याचे उत्पन्न न्यासाच्या हेतूंकडेच जात असेल तर तो धंदा आनुषंगिक समजावा, असा उदार अर्थ लावला होता. 2022 च्या निर्णयांनी त्या औदार्याला बराच लगाम घातला. तथापि अनाथांचे पालन हे दरिद्रीसाहाय्याच्या सदरात मोडते, आणि धंद्याच्या जमेवर वीस टक्क्यांची जी मर्यादा आहे ती ‘सर्वसाधारण लोकोपयोगा’च्या संस्थांपुरतीच असल्याने आपल्याला तिची धास्ती नको. मासे विकून आलेला पैसा मुलांच्या ताटात गेला, हे वहीवरून दाखविता आले पाहिजे.

दुसऱ्या विश्वस्तांचा तर्क मोहक आहे. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल 2025 मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, हे खरे. पण त्याचा उपयोग वीजदर, कर्ज आणि तत्सम सवलतींपुरता. प्राप्तिकर हा केंद्राचा विषय, आणि त्या दृष्टीने शेती म्हणजे जमिनीवर केलेली मूलभूत मशागत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच सांगून ठेविले आहे. बांधीतले धान शेतीचे उत्पन्न ठरेल, शेजारच्या बोडीतला रोहू ठरणार नाही. म्हणून धान आणि मासे एकाच खात्यात जमा करू नका.

आता ज्याविषयी आपण काहीच विचारले नाही, आणि जेथे बहुतेक संस्था फसतात, ते देणगीपत्र. स्मरणार्थ देणगी म्हटली की देणारा भावनेच्या भरात ‘ही रक्कम कायम निधीत जमा करावी’ असे लिहून मोकळा होतो, आणि घेणारेही ते आदराने फायलीस लावतात. परंतु कायम निधी एकदा म्हटला की ती रक्कम बँकेतील ठेवी, सरकारी रोखे अशा कायद्याने सांगितलेल्या मार्गांनीच गुंतविली पाहिजे. त्या यादीत कटला आणि मृगळ नाहीत. तेव्हा रक्कम स्वीकारण्यापूर्वीच, ती बोडीचे खोदकाम, मत्स्यबीज, खाद्य व कुंपण यांवर खर्ची टाकण्यासाठी दिली आहे, असे देणगीदारांच्या सहीने लिहून घ्यावे. आणि बोडी आटली किंवा मासे मेले तर उरलेल्या रकमेचे काय करावयाचे, हेही त्याच कागदावर यावे. खर्च होईपर्यंतची शिल्लक 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या कलम 35 प्रमाणे बँकेतच राहील, कोणा विश्वस्ताच्या हातावर नव्हे. संस्थेच्या घटनेत असा उद्योग करण्याचा अधिकार नसेल तर नुसत्या ठरावाने भागणार नाही. धर्मादाय कार्यालयाची वाट धरावी लागेल. कर्ज काढण्याचा विचार असेल तर कलम 36अ अन्वये धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी हवी.

मासे मरतील हे मी उगाच लिहीत नाही. आपल्याकडची बोडी मूळची धानासाठी बांधलेली. आश्विनात धान गर्भावर असताना पावसाने दडी मारली की बोडीचे पाणी बांध्यांत सोडण्यावाचून गत्यंतर नसते, आणि श्रावणात टाकलेली बोटुकली त्या वेळी जेमतेम वीतभर झालेली असते. शिवाय ढगाळ, कोंदट हवेत पहाटेच्या सुमारास पाण्यातला प्राणवायू उणावला की मासे तोंडे वर काढून धापा टाकू लागतात. त्या घटकेला बोडीवर जाणते माणूस हजर नसेल तर सकाळी पांढरी पोटे तरंगताना दिसतात. म्हणून माझे मत असे की, संस्थेने हा व्यवसाय मुलांच्या धान्याच्या पैशावर शिकू नये. गावातील एखाद्या अनुभवी ढीवर कुटुंबास हिश्शाने सोबत घ्यावे आणि करारनामा लेखी करावा.

पुतण्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल तर त्यांचे पैसे, रक्ताचे नाते असले तरी, विदेशी अभिदाय ठरतात. 2010 च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसता एक डॉलरही घेऊ नये, नागपूरच्या काकांच्या खात्यातून फिरवून तर मुळीच नाही. ते अजून भारतीय नागरिक असतील आणि रक्कम स्वकमाईची असेल, तर ही अडचण नाही.

मजुरी वाचविण्याचा विचार मात्र सोडून द्या. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर लावण्यास बंदी आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या कामात हातभार लावण्याची जी सूट आहे ती बालगृहास लागू होत नाही. किशोरवयीन मुलांच्या मजुरीवर उद्योगाचे गणित बसविणेही मला गैर वाटते. शिक्षकाबरोबर जाऊन एखाद्या मुलाने मूठभर पेंड टाकावी, ओंजळीत बोटुकली घेऊन पाहावी, हे शिक्षण. रोजचा हजेरीपट धरून टाकावी, ही मजुरी. आणि बोडीला कुंपण पाहिजेच.

2015 च्या बालन्याय अधिनियमाखाली आपल्या बालगृहाची नोंदणी चालू आहे, असे गृहीत धरतो. नसेल तर माशांचा विचार मागाहून करावा. त्याच अधिनियमाच्या कलम 74 अन्वये मुलांची ओळख प्रसिद्ध करणे शिक्षेस पात्र आहे. देणगीदारांना ‘आपल्या दानावर वाढलेल्या बालकां’ची छायाचित्रे नावांनिशी पाठविण्याचा आणि ती स्मरणिकेत छापण्याचा आपल्याकडे जो प्रघात पडला आहे, तो येथे आवरावा. माशांची छायाचित्रे हवी तितकी पाठवा. त्यांच्या बाबतीत कायद्याचे काही म्हणणे नाही.